ग्राम्यतेचा अधिकार



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहाससंशोधन, राज्यशास्त्र अशा भारदस्त विषयांचे विवेचन ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून नवल वाटले असेल, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण १९९३ च्या ऑक्टोबर महिन्यात हॉलिवूडमधून प्रदर्शित झालेला, सिल्व्हेस्टर स्टॅलोन आणि वेस्ली स्नाइप्स या दोन बलदंड नटांच्या हाणामारीसाठी ओळखला जाणारा, आणि सुसंस्कृत माणसाने पाहिलाच तर पाहिल्याचे चारचौघांत सांगू नये अशा कोटीत सामान्यतः टाकला जाणारा ‘डिमॉलिशन मॅन’ हा चित्रपट मी आज चर्चेसाठी निवडला आहे. निवड पूर्ण विचारांती केली आहे. हा चित्रपट भडक आहे, त्यातील विनोद अनेकदा हीन पातळीवर उतरतो, त्यातील विज्ञान लंगडे आहे, हे सारे मला मान्य आहे; आणि तरीही माझा सिद्धांत असा आहे की या कृतीचा भडकपणा हाच तिच्या विचाराचा आधार आहे, आणि तो काढून घेतला तर तिला जे सांगायचे आहे ते सांगण्याचा अधिकारच तिच्यापाशी उरणार नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथेचा सांगाडा सांगतो. १९९६ सालचे लॉस एंजेलिस शहर अराजकाने पेटलेले आहे. जॉन स्पार्टन नावाचा पोलीस अधिकारी सायमन फीनिक्स या क्रूरकर्म्याला पकडण्यासाठी एका इमारतीत शिरतो. इमारत उद्ध्वस्त होते, ढिगाऱ्यात ओलीस ठेवलेल्या निरपराध माणसांची प्रेते सापडतात, आणि पोलीस व गुन्हेगार या दोघांनाही एकाच प्रकारची शिक्षा होते. त्यांना बर्फाच्या कारागृहात गोठवून ठेवण्यात येते. २०३२ साली फीनिक्स तेथून निसटतो, आणि नव्या युगातल्या पोलिसांना त्याला आवरता येत नाही म्हणून स्पार्टनला वितळवून बाहेर काढले जाते. दरम्यान लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि सँटा बार्बारा ही शहरे एक होऊन सॅन एंजेलिस नावाची महानगरी निर्माण झालेली आहे, आणि तीत गुन्हा नाही, घाण नाही, भांडण नाही, वर चढलेला आवाजसुद्धा नाही.

हा चित्रपट प्रथम पाहणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकाच्या मनात काय होते ते विसरून चालणार नाही. १९९२ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस, रॉडनी किंग नावाच्या कृष्णवर्णीय नागरिकाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना न्यायालयाने दोषमुक्त केले, आणि त्या निर्णयाने खवळलेल्या लॉस एंजेलिसमध्ये जी दंगल उसळली तीत पन्नासाहून अधिक माणसे मेली. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात डोंगरावरची ‘हॉलिवूड’ ही प्रसिद्ध अक्षरे जळताना दिसतात. दंगलीला दीड वर्षही लोटले नव्हते अशा वेळी ते दृश्य पाहणाऱ्याला भविष्याची भीती दाखवायची गरज नव्हती. त्या भीतीने त्रासलेल्या समाजाला कोणी पूर्ण बंदोबस्ताची हमी दिली तर तो तिच्या बदल्यात काय काय देऊन टाकील, हा प्रश्न चित्रपट विचारतो. त्या काळातील बहुतेक भविष्यचित्रे नगराला नरक करून दाखवीत. ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’, ‘ब्लेड रनर’, ‘रोबोकॉप’ ही त्याची उदाहरणे. ‘डिमॉलिशन मॅन’ने भावी नगर स्वर्गासारखे रंगविले, आणि त्या स्वर्गात एका धुळीने माखलेल्या, शिवराळ माणसाला आणून उभे केले.

या स्वर्गाचा कारभार पाहण्यासारखा आहे. मद्य, मांस, मीठ, चहाकॉफी, चॉकलेट, तिखट पदार्थ, अंगाला अंग भिडणारे खेळ, या सर्वांना मनाई आहे. परवान्यावाचून गर्भधारणेलाही मुभा नाही. हे सारे एका माणसाच्या फर्मानाने ठरते, आणि त्याचे कारण प्रत्येक वेळी एकच दिले जाते: ही वस्तू तुमच्या हिताची नाही. प्रत्येक नागरिकाच्या हातात एक सूक्ष्म यंत्र रोवलेले आहे, त्यामुळे कोण कोठे आहे याची नोंद दफ्तरात अखंड होत राहते. आणि भिंतीभिंतीवर अशी यंत्रे लावलेली आहेत की कोणाच्या तोंडून अपशब्द निघताच ती किरकिरतात, सभ्य स्वरात एका क्रेडिटचा दंड झाल्याचे सांगतात आणि दंडाची चिठ्ठी छापून बाहेर टाकतात.

याच यंत्राभोवती चित्रपटातला सर्वांत गाजलेला विनोद रचलेला आहे, आणि तो सभेत सांगण्याजोगा नाही असे मानले जात असले तरी माझ्या प्रतिपादनाचा तो केंद्रबिंदू असल्यामुळे मी तो सांगणार आहे. स्पार्टन शौचकूपात जातो. तेथे कागद नाही, त्याच्या जागी तीन शिंपले मांडून ठेवलेले आहेत. त्यांचा उपयोग कसा करायचा हे त्याला ठाऊक नाही, आणि विचारल्यावर नव्या युगातले पोलीस त्याला हसतात. तेव्हा तो भिंतीवरच्या यंत्रासमोर उभा राहून एकामागून एक अशा शिव्यांची लाखोली वाहतो, दंडाच्या चिठ्ठ्यांची चळतच्या चळत बाहेर पडते, आणि ती हातात घेऊन तो शांतपणे परत जातो. शासनसंस्थेने माणसाच्या जिभेवर बसविलेल्या पहाऱ्याचा माणसाच्या शरीराने करून घेतलेला हा उपयोग आहे. अनियंत्रित सत्ता कितीही सूक्ष्म असली तरी देहधर्मापुढे तिची मात्रा चालत नाही, हा विचार एखाद्या राजनीतिज्ञाने प्रबंधातून मांडला असता तर आपण तो आदराने वाचला असता आणि सकाळपर्यंत विसरलो असतो. या दृश्याने तो विचार हसणाऱ्या माणसाच्या पोटात कायमचा बसवून दिला आहे. शिंपल्यांचा उपयोग चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही, हेही कलेच्या दृष्टीने मला फार योग्य वाटते. कारण उलगडा झाला असता तर तो केवळ एक चुटका झाला असता, आणि परक्या युगात आलेल्या माणसाचे परकेपण आपल्यापुरते संपले असते.

आता ग्राम्यतेचा प्रश्न. आपल्या साहित्यशास्त्राने ग्राम्यत्व हा काव्यदोष मानला आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मटांनी ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषांची गणना केल्यानंतर त्यांचे अपवादही सांगितले आहेत, आणि अधम प्रकृतीच्या पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द आला असता तो गुण ठरतो असे तेथे स्पष्ट म्हटले आहे, हे तितकेसे लक्षात ठेवले जात नाही. म्हणजे दोष शब्दात वास करीत नसून शब्द कोणी, कोठे, कशासाठी उच्चारला यावर अवलंबून असतो. या दृष्टीने पाहिले म्हणजे ‘डिमॉलिशन मॅन’च्या रचनेतील एक विलक्षण संगती ध्यानात येते. ज्या राज्याने ग्राम्यतेला गुन्हा ठरविले, त्या राज्याविरुद्धची तक्रार जर एखाद्या सुबक, संयत, अभिरुचिसंपन्न चित्रपटाने मांडली असती, तर तो चित्रपट त्याच राज्यात बिनदिक्कत दाखविता आला असता. हा मात्र त्या नगरीत एक दिवसही दाखविता आला नसता. त्याच्या प्रत्येक प्रसंगाला दंडाची चिठ्ठी निघाली असती. जी गोष्ट वाचवायची आहे ती गोष्ट हा चित्रपट स्वतःच होऊन दाखवितो, आणि विषय व रूप यांचे असे ऐक्य पुष्कळ मान्यवर कृतींनाही साधत नाही.

या चित्रपटाचे वाङ्मयीन कूळही हलके नाही. नायिकेचे नाव लेनिना हक्स्ली आहे. ऑल्डस हक्स्ली यांच्या १९३२ सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीतील लेनिना क्राउन आणि स्वतः तिचे कर्ते, असे दोघे त्या नावात एकत्र आले आहेत. त्या कादंबरीतही सुखाने गुदमरलेले राज्य आहे, त्यातही बाहेरून आलेला एक रानटी माणूस आहे, आणि त्याचेही नाव जॉनच आहे. तो शेक्सपिअर वाचून वाढलेला असल्यामुळे राज्यकर्त्याशी वाद घालताना दुःखी होण्याचा हक्क मागतो, आणि शेवटी त्या जगात राहणे असह्य होऊन आत्मघात करतो. हॉलिवूडने यातून एक उथळ, सुखान्त पोलिसकथा काढली असे म्हणणे सोपे आहे. पण हक्स्ली हे स्वतः १९३७ पासून कॅलिफोर्नियात राहत होते, चित्रपटांसाठी लिहीत होते, १९४० सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या पटकथालेखकांत त्यांचे नाव आहे, आणि १९६३ साली त्यांचा मृत्यू लॉस एंजेलिसमध्येच झाला. तेव्हा त्यांच्या कल्पनेचे हे दुसरे रूप त्यांच्याच गावात जन्मले. आणि या दुसऱ्या रूपाने मूळ कादंबरीत एक खरी भर घातली आहे. कादंबरीतल्या जॉनपाशी सुखाच्या राज्याविरुद्ध शेक्सपिअर आहे. स्पार्टनपाशी भूक, घाम, लाज आणि पश्चात्ताप आहे. ज्याने शेक्सपिअर वाचला नाही त्यालाही स्वातंत्र्य लागते, ही गोष्ट हक्स्लींच्या कादंबरीपेक्षा या चित्रपटात अधिक ठसठशीत दिसते, आणि मला ती थोर वाटते.

या नगरीचा अधिपती डॉ. रेमंड कॉक्टो याची भूमिका नायजेल हॉथॉर्न या इंग्रज नटाने केली आहे. ‘येस मिनिस्टर’ या मालिकेतील सर हम्फ्री ॲपलबी, म्हणजे मंत्र्याला आपल्या शब्दबंबाळ विनयाने नामोहरम करणारा सनदी अधिकारी, ज्यांनी पाहिला असेल त्यांना या निवडीचे मर्म सांगायला नको. हॉथॉर्न कधी आवाज चढवीत नाहीत. त्यांच्या अंगावर पौर्वात्य पद्धतीचा झुळझुळीत झगा असतो, चेहऱ्यावर वत्सल स्मित असते, आणि त्या स्मितामागे एक भयंकर कारस्थान असते: नगरीखालच्या भुयारांत राहणाऱ्या उपाशी बंडखोरांचा पुढारी एडगर फ्रेंडली याला मारण्यासाठी कॉक्टोनेच फीनिक्सला मुद्दाम मुक्त केलेले असते. बर्फात पडलेल्या कैद्यांच्या मेंदूत सुधारणेसाठी नवी कौशल्ये भरली जातात. स्पार्टनच्या वाट्याला विणकाम येते, आणि तो आश्चर्यचकित होऊन रात्रीतून स्वेटर विणतो. फीनिक्सच्या मेंदूत मात्र हत्येची आणि यंत्रे वश करण्याची विद्या भरलेली असते. हिंसेचे नावही ज्याने पुसून टाकले त्यालाच हिंसा भाड्याने आणावी लागते. कॉक्टोने आपल्याला इजा होऊ नये अशी तजवीज फीनिक्सच्या मेंदूत केलेली आहे. तेव्हा फीनिक्स दुसऱ्याच्या हातात शस्त्र देऊन त्याचा निकाल लावतो. एवढा कठोर काव्यन्याय आणि तो एवढ्या सहजतेने घडविलेला, हे पटकथाकारांचे खरे यश आहे.

स्नाइप्स यांचा फीनिक्स पाहताना मला वारंवार ‘मृच्छकटिका’तल्या शकाराची आठवण होते. गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठीत आणल्यापासून आपल्या प्रेक्षकाला शकार चांगला परिचित आहे: हसविणारा, बडबड्या, पुराणातल्या कथांची वाटेल तशी सरमिसळ करणारा, आणि तरीही वसंतसेनेचा गळा दाबताना न कचरणारा. हास्य आणि भय हे एकाच मुखातून निघू शकतात ही जाण संस्कृत नाटककाराला होती. पिवळ्या केसांचा, दोन डोळ्यांत दोन रंग असलेला फीनिक्स वस्तुसंग्रहालयात शिरतो, हिंसेच्या दालनातल्या काचा फोडतो आणि मुलाने खेळण्यांच्या दुकानात फिरावे तसा जुन्या शस्त्रांमधून फिरतो, तेव्हा तीच जाण येथे काम करीत असते. त्याच्यासमोर उभे राहिलेले पोलीस मात्र हातातल्या यंत्राला विचारतात की अटक कशी करावी. यंत्र सांगते की खंबीर स्वरात आज्ञा करा. आज्ञा निष्फळ झाली म्हणजे तेच यंत्र आणखी खंबीर स्वराची शिफारस करते. मी हे दृश्य पुष्कळ प्रेक्षकांबरोबर पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी हशा पिकल्यानंतर क्षणभर सभागृह गंभीर झालेले मला जाणवले आहे, कारण दुष्टता अस्तित्वातच नाही असे मानून वाढविलेली माणसे दुष्टतेपुढे किती असहाय असतात हे तेथे उघड होते.

स्टॅलोन यांच्या अभिनयाविषयी लिहिताना सामान्यतः त्यांच्या दंडांचे वर्णन होते आणि तेथेच लेखणी थांबते. जन्माच्या वेळी झालेल्या इजेमुळे त्यांच्या चेहऱ्याचा डावीकडचा खालचा भाग अंशतः लुळा आहे, आणि त्यामुळेच त्यांचे उच्चार जड येतात; या माणसाने १९७६ साली ‘रॉकी’ लिहून आणि साकारून लेखन व अभिनय या दोन्ही विभागांत ऑस्करचे नामांकन मिळविले होते, हे ध्यानात ठेवावे. गुळगुळीत बोलणाऱ्या सॅन एंजेलिसमध्ये ही जड जीभ, हा वाकडा ओठ फार बोलका ठरतो. गोठविलेल्या काळात आपण पूर्ण निद्रिस्त नव्हतो, बायकोच्या हाका आणि बर्फावर आपटणाऱ्या तिच्या मुठी आपल्याला दिसत राहिल्या, असे स्पार्टन कॉक्टोला सांगतो तेव्हा क्षणभर सारा खेळ थांबतो. तेथे छत्तीस वर्षांचा शोक दोन वाक्यांत येऊन जातो. पुढे, उपाहारगृहावर धाड घालणाऱ्या भुयारातल्या लोकांना झोडपून काढल्यावर ते केवळ अन्न चोरीत होते हे त्याच्या ध्यानात येते, आणि त्याच्या मुद्रेवर जी शरम उमटते ती या प्रकारच्या चित्रपटांतील नायकांच्या मुद्रेवर क्वचितच दिसते.

देहाची ही निष्ठा चित्रपटाच्या निर्मितीतही आहे. आरंभी कोसळणारी इमारत ही केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील खरी इमारत होती आणि ती खरोखरीच सुरुंग लावून पाडण्यात आली; रस्त्यावरच्या भावी मोटारी जनरल मोटर्सने प्रयोगादाखल बांधलेल्या होत्या. मार्को ब्रांबिला या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. आज संगणकावर अख्खी नगरे क्षणात पाडली जातात आणि आपल्या काळजाचा ठोका चुकत नाही. येथे वीट पडते ती वजनाने पडते.

सँड्रा बुलक यांनी केलेली लेनिना ही विसाव्या शतकावर मोहित झालेली तरुणी आहे. ती त्या शतकातले वाक्प्रचार मोठ्या हौसेने वापरते आणि दर वेळी चुकविते. स्पर्श निषिद्ध असलेल्या तिच्या जगात दोन माणसे हस्तांदोलनसुद्धा हवेतल्या हवेत करतात, आणि प्रणय डोक्यावर शिरस्त्राण चढवून, खोलीच्या दोन बाजूंना बसून उरकला जातो. तिच्या निष्पाप उत्साहात या चित्रपटाचे सारे औदार्य साठलेले आहे. गतकाळाची थट्टा आणि गतकाळाची ओढ या दोन्ही भावना तिच्यामुळे एकत्र नांदतात.

दोष आहेत, आणि ते झाकण्याचा माझा हेतू नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांत विज्ञान हा कथेचा कणा असतो. येथे ते केवळ दार उघडण्यापुरते आहे. पाणी गोठताना प्रसरण पावते आणि त्याचे स्फटिक पेशी फाडतात, त्यामुळे गोठविलेला मनुष्य पुन्हा उठून धावू लागेल ही कल्पना शास्त्राला मानवणारी नाही. फीनिक्सचा गोठलेला देह लाथेने फोडून केलेला शेवट मला आजही अनावश्यक क्रूर वाटतो. सर्वांत मोठी विसंगती व्यापाराची आहे: भविष्यात सारी उपाहारगृहे एकाच कंपनीची झाली आहेत अशी कल्पना करून त्या कंपनीचे खरे नाव, टाको बेल, चित्रपटाने झळकविले, आणि अमेरिकेबाहेरच्या काही प्रतींत त्या जागी पिझ्झा हट घातले; ती कंपनीही त्या काळी त्याच उद्योगसमूहाच्या मालकीची होती. मक्तेदारीवरची टीका मक्तेदाराच्याच पाटीखाली करावी लागली, हे त्या धंद्याचे वास्तव आहे. याउलट अनेक लेखक चित्रपटाच्या अचूक भाकितांचे कौतुक करतात. दूरदृश्य सभा आल्या, चालकाविना मोटारी आल्या, अर्नोल्ड श्वार्झेनेगर अध्यक्ष झाल्याची त्यात कोटी होती आणि ते २००३ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर निवडून आले. हे मनोरंजक आहे, पण ज्योतिषाच्या बळावर कोणतीही कलाकृती टिकत नाही.

ती टिकते तिच्या न्यायबुद्धीवर. भुयारात राहणारा फ्रेंडली हवे ते खाण्याचा, हवे ते बोलण्याचा, चुकण्याचा हक्क मागतो. पण त्याचे लोक उंदराचे मांस खातात आणि अंधारात राहतात, आणि चित्रपट त्या दैन्याला सोन्याचा मुलामा देत नाही. कॉक्टोच्या पतनानंतर वरच्या नगरीचा पोलीसप्रमुख आणि खालच्या भुयारांचा पुढारी समोरासमोर उभे राहतात, तेव्हा स्पार्टन पहिल्याला थोडे मळायला सांगतो, दुसऱ्याला पुष्कळसे स्वच्छ व्हायला सांगतो, आणि मधला मार्ग त्यांनीच शोधावा असे म्हणून तेथून निघतो. तो मार्ग कोणता हे तो सांगत नाही. पोलिसाने ते सांगू नये, ही मर्यादा त्याला कळते. सर्वज्ञ कॉक्टोच्या राज्याला यापेक्षा चांगले उत्तर मला सुचत नाही.

हक्स्ली यांची कादंबरी १९३२ सालची, आणि स्पार्टन ज्या वर्षी जागा होतो ते वर्ष २०३२. म्हणजे चित्रपटाचे कल्पित वर्ष प्रत्यक्षात उजाडेल तेव्हा त्या कादंबरीचीही शताब्दी असेल, आणि त्या वर्षी जगभर तिच्यावर परिसंवाद होतील, विशेषांक निघतील. या व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे की त्यांनी त्या वर्षी एक सायंकाळ राखून ठेवावी, श्रोत्यांना प्रथम हा चित्रपट दाखवावा, मग कादंबरीवर व्याख्यान ठेवावे, आणि दोहोंपैकी कोणालाही अगोदरच वरच्या पंक्तीला बसवू नये.